तळ्याचा नवरदेव

टिकारामभाऊ, तुमच्यावर लिहायला घेतलंय, तेव्हा तुमची चूक आधी सांगणार आणि चांगुलपणा मागून. चंपावहिनी हसल्या तर हसू द्या. स्वतःबद्दल तुम्ही कुणाला चार वाक्यं धड सांगितली नाहीत, म्हणून हा उद्योग माझ्या गळ्यात पडला. आता गप्प बसून ऐका.

भंडाऱ्याकडचा टिकाराम मेश्राम भिलाईत खलाशी म्हणून लागला. जहाजावरचा खलाशी नव्हे; दोरखंड, कप्पी आणि खांद्याच्या जोरावर लोखंडी तुळया वर चढवणारा. कारखाना उभा राहत होता आणि त्याची झोपडी एका जुन्या गावच्या तळ्याकाठी, कामगारांच्या वस्तीत होती. नळ अजून यायचा होता. सरपणाचं तर विचारूच नका. रस्त्यांपायी, शेडपायी आसपासची झाडं गेलेली. कोळसा वाघिणी भरभरून येई, पण तो भट्ट्यांसाठी, माणसांच्या चुलींसाठी नव्हे.

तळ्याच्या मधोमध एक लाकडी खांब होता. त्या दिवसांत जिकडे बघावं तिकडे साहेबांनी मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या. टिकारामला वाटलं, ही त्यातलीच एखादी विसरलेली. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं दोर बांधून खांब उपटला, तुकडे केले आणि चुलीशी रचले. ते भिजलेलं, साल नावाच्या झाडाचं लाकूड जळेना. "लाकूड नाही जळून राहिलं, मीच जळून राहिली," त्याची बायको चंपा डोळे पुसत म्हणाली.

धूर विरायच्या आत गावचा म्हातारा सुखराम दारात उभा. काळवंडलेलं लाकूड हातात घेऊन तो हळूच म्हणाला, "ए लकडी नोहे भाई, तरिया के दुल्हा आय."

तिकडे तळं खोदलं की त्याचं लग्न लावतात, आणि पाण्यात रोवलेला सालाचा खांब हा त्याचा नवरदेव. टिकारामनं ते ऐकलं, पण पुढचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. खांबाला एक गाठ होती. पाणी त्या गाठीखाली गेलं, की पिण्या-रांधण्यापलीकडे कुणी थेंब उचलायचा नाही, असा गावाचा नेम. ठेकेदाराचे टँकर सिमेंटकामाला इथूनच पाणी नेत. त्यांचा हिशेब ठेवणारा मुनशीही गाठ उघडी पडली की टँकर कालव्याकडे वळवी. आता गाठच नाही म्हटल्यावर तो सरळ सांगू लागला, खूण दाखवा मग थांबतो. उन्हाळा तोंडावर आलेला. गावानं ठरवलं, खांब उभा राहीपर्यंत वस्तीनं घाटावर पाय ठेवायचा नाही. शेजारणी चंपाशी बोलेनाशा झाल्या. हंडे रिकामे होते आणि ते कुणामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मले काय मालूम," एवढंच टिकाराम म्हणे. पण साल पाण्यात कुजत नाही, हे आता त्याला मालूम झालं होतं, आणि रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर सालाचेच असतात. सायडिंगच्या साहेबाची विनवणी करून त्यानं बाद झालेले दोन स्लीपर मागून आणले. एकाची उंची पुरेना, म्हणून रूळ जोडतात तशा फिशप्लेटा लावून, बोल्ट आवळून त्यानं दोन्ही एकात जोडले. लोखंडी कमरपट्टा घातलेला असा नवरदेव गावानं कधी पाहिला नव्हता.

मग अडलं लग्नापाशी. नागपूरला दीक्षा घेऊन त्याला फार काळ झाला नव्हता. पूजेला हात लावणार नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. लोक कुरकुरले. सुखरामनं पूजेची अट सोडून तोड काढली.

"पूजा झन कर. कांधा दे दे."

खांदा द्यायला टिकारामची ना नव्हती. खांबाला हळद लागली, बाजा वाजला, आणि ओल्या धोतरानं तो खांब वाहून नेऊ लागला. काठावरच्या बायकांनी त्याला वराचा बाप ठरवून रीतीच्या शिव्यांची गाणी म्हटली: बाप काळा, पोरगा त्याहून काळा, नि नवरीला आणले गंजके बोल्ट. चंपा सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला कुणी हसण्यात घेतलं होतं.

जुन्या गाठीऐवजी नव्या खांबावर खाच कुठे पाडायची, ते घाटावर पाणी भरण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्यांनी भांडत भांडत ठरवलं. खाच उघडी पडली त्या दिवशी टिकाराम स्वतः मुनशीला काठावर घेऊन आला. मुनशीनं पाहिलं, शिवी हासडली, आणि टँकर वळवले. पाऊस येईपर्यंत गावाला आणि वस्तीला पाणी पुरलं. शेवटी शेवटी गढूळ, पण पुरलं.

त्यानंतर भाऊ, माझं अक्षर बरं म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात. मुनशी बदलला की नवा पुन्हा खुणेचा अर्थ विचारणार, तेव्हा काठावर एक पाटी हवी, असं तुमचं म्हणणं. तुम्ही पत्रा आणायचा, मी त्यावर मराठीत अन् हिंदीत लिहायचं, मग दोघांनी जाऊन ती ठोकायची. मजकूरसुद्धा आपण ठरवला होता. तेवढ्यात तुमची बदली राजहऱ्याच्या खाणीवर झाली. पाटी राहिली ती राहिलीच, म्हणून तिच्याऐवजी आता हे लिहिलं.