काचेच्या कापडाचा पंख

आमच्या यजमानांनी घराच्या मागच्या अंगणात विमान बांधलं. एका माणसाने आत बसून उडायचं, खरं विमान. साठ सालाच्या पुढेमागे, कानडी मुलखात, चामराजपेटेत. माझ्या पदरात तेव्हा दोन मुलं होती आणि धाकटं अजून अंगावर पीत होतं.

सासरे शिंपी. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान. चार पिढ्यांचा धंदा मुलाने पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा. मुलाने विमानांच्या कारखान्यात फिटरची नोकरी धरली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं तुटलं. समोरासमोर जेवायला बसायचे, पण मीठ हवं असेल तर मला सांगायचे. दोघांच्या मध्ये मी मीठ घेऊन उभी.

यजमान दिवसभर दुसऱ्यांची विमानं जुळवत आणि घरी येऊन स्वतःचं. युद्धातल्या भंगारात निघालेलं एक लहान इंजिन त्यांनी कुठूनसं मिळवलं होतं. लाकूड स्वतः रंधलं. पंखाच्या आतल्या लाकडी फासळ्या माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगलेल्या असत. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काय अक्का, अंडं कधी घालणार तुमचं पाखरू? स्वल्प आम्हालाही बसवा हं."

विमानाच्या पंखाला साधं कापड ताणून वर लुकण लावायची रीत होती. यजमानांना ती नको होती. कारखान्यात नवीन प्रकार आला होता, काचेच्या धाग्यांचं कापड. त्याचे थर एकावर एक ठेवायचे आणि मध्ये राळेसारखं पातळ रसायन चोपडायचं. वाळलं की दगडासारखं घट्ट, पण वजनाला हलकं. भंगाराच्या लिलावात त्यांना तसल्या कापडाचा एक तागा मिळाला. एकच.

मला कळावं म्हणून त्यांनी आगपेटीचं नुसतं वरचं कवच माझ्या हातात दिलं. "पीळ बघू. आत काही नाही, तरी आकार धरून आहे ना? पंखाचं तसंच. लाकूड फक्त आकारापुरतं. ताकद सगळी कातडीत."

हे मी नीट लक्षात ठेवलं.

ते कापड कापायला महा अवघड. कात्री लागली की कडेचे धागे सुटत आणि हातात घुसत. बरंच वाया गेलं, तेव्हा यजमान तागा काखेत घेऊन दुकानाच्या दारात उभे राहिले. "अण्णा, एवढं कापून द्याल?"

सासऱ्यांनी कापड अंगठ्याखाली घोळवलं. "कसलं रे हे? सूत नाही, रेशीम नाही."

"काचेचं आहे."

"काचेचं? मग शिंप्याकडे कशाला आलास? कासाराकडे जा."

पण तागा ठेवून घेतला. यजमान कामावर गेल्यावर त्यांनी भाताच्या पेजेत ते कापड बुडवलं, पिळलं, सावलीत वाळवलं आणि इस्त्री फिरवली. सुळसुळीत कापडाला कापण्यापूर्वी आमच्या दुकानात अशीच खळ देत. मग नमुन्याप्रमाणे एकेक तुकडा असा कापला की एक धागा सुटला नाही.

यजमानांना फार आनंद झाला. "अण्णा, कडा कशा उभ्या राहिल्यात! काय केलंत?"

"केलं काहीतरी. दुकानात पाय ठेवला असतास तर कळलं असतं."

यजमान हसले. टोमणा होता, पण इतक्या वर्षांनी बाप बोलला होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसांत दोघं बोलायला लागले. सासरे अंगणात खुर्ची टाकून बसत आणि थर बसवताना "तिथे चुणी पडली बघ" म्हणून सांगत. मीठ पोचवण्यातून मी सुटले. पंख वाळल्यावर कुठे कुठे पांढुरके डाग दिसले. हवेतली ओल असेल म्हणत यजमानांनी वरून रुपेरी रंग दिला.

उन्हाळा आला. गावाबाहेरची एक केरे, म्हणजे मोठं तळं, आटून तिचा तळ फरशीसारखा टणक झाला होता. तिथूनच उडवायचं ठरलं. पावसाने तळं भरायच्या आत, येत्या रविवारी.

त्या आठवड्यात पंख उन्हात काढून ठेवले होते. मी मिरच्या उलटायला गेले तर एका पंखाची कातडी पापडासारखी फुगलेली. बोटाने दाबली, खाली गेली. बोट काढलं, वर आली. मी यजमानांना हाक मारली. त्यांनी पात्याने चीर दिली आणि ओढलं. तव्यावरून डोसा सुटावा तसा थर सुटून हातात आला. आतून पांढरा पापुद्रा. त्यांनी तो बोटांत चुरला आणि जिभेला लावला.

"खळ आहे," म्हणाले, आणि धुण्याच्या दगडावर बसले. "राळ कापडाला धरलीच नाही. सगळी खळीवर बसलीय."

"दुसरा पंख?"

"तोही त्याच ताग्याचा."

मी म्हटलं, "मग संपलं."

"संपलं कसं? फुगलंय तिथे चिकटवतो, स्क्रू मारतो. आतलं लाकूड धरेल."

"तुम्हीच म्हणालात, ताकद कातडीत."

त्यांनी सुटलेला थर परत जागेवर दाबून बसवला. मग म्हणाले, "अण्णांना कळू देऊ नकोस. मरतील ते."

"आणि तुम्ही?"

दुसरा तागा मिळणार नव्हता. आज नाही तर कधीच नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते रोज कामावरून येऊन त्या पोकळ पंखात स्क्रू मारत बसले. मी भांडले. पाय धरले. धाकट्याला त्यांच्या मांडीवर ठेवलं, तर त्यांनी त्याला उचलून बाजूला चटईवर निजवलं आणि पुन्हा पेचकस घेतला. मल्लेश्वरमहून माझ्या दादाला बोलावलं. दादा बँकेत होता. यजमान त्याला म्हणाले, "तुम्ही खुर्चीवरून पडाल म्हणून भिता, तुमचं काय ऐकायचं?" दादा चहा पिऊन गेला. माझ्या अंगावरचं दूध आटत चाललं. पोर रडायचं आणि मला त्याचा राग यायचा.

शनिवारी यजमान कामावर होते. मी दुकानात गेले. सासरे एका कोटाची काजं करत होते.

"मामंजी, त्या कापडाला तुम्ही खळ दिलीत, तिच्यामुळे पंखाचे थर सुटलेत. ते उद्या त्याच पंखांवर उडणार आहेत. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

त्यांनी सुई कोटाला टोचून ठेवली.

"खळ धुतली नाही त्याने?"

"धुवायची होती?"

"खळ कापण्यापुरती असते. पुढे कापड धुवून काढायचं. शिंप्याच्या पोराला हे सांगायला हवं?"

ते उठले, मोठी कात्री घेतली आणि अंगणात गेले. कात्रीचं टोक फटीत घालून त्यांनी कातडी उचकटली आणि दोन्ही हातांनी ओढली. धागे बोटांत घुसून रक्त यायला लागलं. मी थांबवलं नाही. कातडी घट्ट बसली होती तिथे मी फासळी दाबून धरली, म्हणजे त्यांना जोर लावता येईल. शेजारीण भिंतीवरून बघत होती.

यजमान आले तेव्हा एक पंख नागडा झाला होता. सायकल भिंतीला टेकवून ते उभे राहिले. सासरे मान वर न करता म्हणाले, "धुवायचं ठाऊक नव्हतं तुला?"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तू परत विचारलं नाहीस."

यजमान पुढे आले. मला वाटलं आता हात उचलतील, बापावर किंवा माझ्यावर. त्यांनी सासऱ्यांच्या हातून कात्री काढून घेतली. "सरी, बरं. तुमचे हात फाटलेत. राहू द्या," म्हणाले. मग दुसऱ्या पंखाशी बसून त्यांनी स्वतः तो सोलला, कडेपासून कडेपर्यंत, कारखान्यातलं काम असल्यासारखं. माझ्याकडे एकदा बघितलं.

"तू सांगितलंस."

"हो."

ते जेवले नाहीत. सासरेही नाहीत. मी जेवले, कारण पोराला दूध हवं होतं.

रविवारी उजाडताना मी उठले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते की नाही, मी विचारलं नाही. पाठ वरखाली होत होती. तेवढं बघितलं आणि जाऊन चूल पेटवली.