मोडायची गिटार

पोस्टरवर त्याचं नाव ‘वादळ’ असं छापलेलं असे, तेही ज्वाळा निघणाऱ्या अक्षरांत. मावशी मात्र त्याला गुंड्याच म्हणायची. तो तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याचे लंगोट तिने वाळत घातले होते, आणि ज्याचे लंगोट आपण वाळत घातले त्याला वादळ म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्यामुळे ड्रमवाला, दिवेवाला, ट्रकचा ड्रायव्हर, झाडून सगळे तिला मावशी म्हणायचे. तीही आपपरभाव करत नसे, सगळ्यांना सारखंच झापायची.

वादळाची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. शेवटच्या गाण्यात तो गिटार डोक्यावर उचलायचा आणि स्टेजवर आपटून तिचा चक्काचूर करायचा. पहिल्या दणक्यात गिटारीची मान तुटायची, दुसऱ्यात अंग फुटायचं, तिसऱ्यात डोकं उडायचं. लोक बेभान व्हायचे. दर कार्यक्रमाला नवीकोरी गिटार फोडायची म्हणजे काळीज केवढं असेल, असं म्हणायचे. काळीज वगैरे काही लागत नव्हतं. लागायचा तो मावशीचा लाकूड चिकटवायचा सरस. कारण दर वेळी फुटायची ती तीच गिटार.

मावशी मूळची खुर्च्या दुरुस्त करणारी. सरस पाण्यात भिजवून, मंद आचेवर वितळवून, गरम असतानाच लाकडाला लावायचा, हे तिने उभा जन्म केलं होतं. एका जुन्या कपाटाच्या दारातून तिने भाच्यासाठी आयुष्यातली पहिली आणि शेवटची गिटार बनवली. पहिल्याच कार्यक्रमात त्या गिटारीचा पट्टा निसटला आणि ती धाडकन खाली पडून तडकली. गुंड्याची तर पाचावर धारण बसली. पण लोकांना वाटलं, मुद्दामच टाकली. त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. मग लाज झाकायला गुंड्याने ती आणखी दोनदा आपटली, घरी आला, आणि तुकड्यांनी भरलेला उशीचा अभ्रा मावशीच्या पुढ्यात ठेवून ढसाढसा रडला. तिने ती जोडली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या हॉलवाल्याने विचारलं, ‘ते फोडायचं करणार ना?’ झालं, तेव्हापासून हेच.

आता त्यात तिने पुरतं शास्त्र बसवलं होतं. शेवटच्या गाण्याआधी तीन सेकंद दिवे जायचे. तेवढ्यात चांगली गिटार काढून मोडायची गिटार गुंड्याच्या गळ्यात पडायची. तिच्या तारा नुसत्या अडकवलेल्या असत. तिच्यातून एक गुरगुर तेवढी निघे, पण त्या वेळी कोण ऐकतंय? सरस किती पातळ करायचा, यातच सगळी मेख होती. घट्ट झाला तर गिटार फुटत नाही आणि वादळाचं हसं होतं. पातळ झाला तर तुकडे कुठल्या कुठे उडतात. कार्यक्रम संपला की मावशी झाडू आणि सुपली घेऊन स्टेजवर यायची. डोकं, मान, अंगाचे चार आणि वरचा पत्रा असे सात तुकडे मोजून त्याच अभ्र्यात भरायची. लोकांना ती झाडूवाली वाटायची. तिला त्याचं वाईट वाटायचं. कुणाला बोलली नाही कधी, पण वाटायचं. जगात एवढं नाजूक काम कोणी करत नसेल, आणि त्याची पहिली अट काय, तर ते कुणाला दिसता कामा नये.

त्या वर्षी नवा मॅनेजर आला. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, “मावशी, सगळा कार्यक्रम तुमच्या एका अभ्र्यावर टांगलेला आहे. एखादा तुकडा हरवला तर? त्यापेक्षा कारखान्यातून खोकंभर गिटारी मागवू. रोज एक फोडायची, कटकट मिटली. तुम्हीही घरी आराम करा.”

आराम हा शब्द मावशीला शिवीसारखा लागला. “ज्या दिवशी एक तुकडा हरवेल ना,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी होऊन घरी जाईन. तुला सांगावं लागणार नाही.”

मॅनेजरने मान डोलावली आणि तरीही खोकं मागवलं. ते ट्रकमध्ये मावशीच्या सीटमागेच ठेवलं होतं.

पुढच्या गावात एकाच हॉलमध्ये दोन दिवस कार्यक्रम होता. पहिल्या दिवशी दुपारी जॅकेटचा घोळ झाला. वादळाच्या जॅकेटला ब्लेडने पाडलेली अकरा भोकं होती, ती फॅशन. त्यातच बाही शिवणीवर खरोखर उसवली, म्हणून मॅनेजरने जॅकेट बाजारामागच्या एका रफूवाल्याकडे पाठवलं. म्हाताऱ्याने बाही तर शिवलीच, वर अकराच्या अकरा भोकं रफू करून टाकली. गुंड्याने कपाळाला हात लावला. पण मावशी जॅकेट उजेडात धरून भोकं शोधत बसली. बोट फिरवून पाहिलं, कापड उलटं करून पाहिलं. तिला एकही सापडलं नाही. मॅनेजरने बिचाऱ्याला काही न बोलता पहिल्या रांगेतलं एक तिकीट दिलं, आणि वादळ आयुष्यात प्रथमच धडक्या कपड्यांत स्टेजवर गेलं.

त्याच संध्याकाळी मावशीकडून चूक झाली. आदल्या गावात डोकं तुटायला एक दणका जास्त लागला होता आणि मॅनेजर तोंडावर हात ठेवून हसला होता. ते तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तिने या वेळी सरसात चमचाभर पाणी जास्त घातलं. तिसऱ्या दणक्याला गिटारीचं डोकं असं सुटलं की दिव्यांच्या वरून गेलं आणि प्रेक्षकांत जाऊन पडलं. लोक खूश झाले. मावशीने पडद्याआडून तुकडे मोजले. सहाच भरले. पुन्हा मोजले तरी सहाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या दारावरच्या माणसाने सांगितलं, “ते होय? रफूवाल्या काकांच्या मांडीवर पडलं. पिशवीत घालून घरी घेऊन गेले.”

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. “संध्याकाळी सातला कार्यक्रम आहे, मावशी. तुमचं काय ते बघा. मी खोकं उघडायला सांगतो.” वाईट बोलला नाही तो. तेच जास्त लागलं.

बाजारामागची ती गल्ली एवढी अरुंद होती की समोरासमोरचे दुकानदार एकमेकांच्या रेडिओवर भागवायचे. रफूवाल्याचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतभर लटकवलेले दुसऱ्यांचे कोट. चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून काका बसले होते. त्यांच्यासमोर टेबलावर, दिव्याखाली, तिच्या गिटारीचं डोकं होतं.

मावशीने वाटेत खोटं घोकून ठेवलं होतं. “नमस्कार. मी कार्यक्रमवाल्यांकडून आले. ते जरा आठवण म्हणून ठेवायचं होतं आम्हाला. बदल्यात वादळाच्या सहीचा फोटो आणलाय.”

“फोटो राहू द्या,” काका म्हणाले. “बसा. एक विचारू? हे किती वेळा मोडलंय?”

“काल मोडलं की. तुमच्या समोरच.”

काकांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि नखाने तुटलेल्या कडेवरून एक रेघ ओढली. “इथे लाकडाची कपची बसवलीय. इथे दुसरी. लाकडाच्या रेषेला रेष मिळवलीय, रंगाला रंग. माझी बोटं फसत नाहीत हो, चाळीस वर्षं हेच करतोय. काल रात्री मी एकतीस मोजल्या.”

“अडतीस,” मावशी म्हणाली. म्हणून गेली आणि मग जीभ चावली. पण आता निघालं ते निघालं. “सात बुजल्यात. त्या मलाही दिसत नाहीत.”

काकांनी हात जोडले, डोळे मिटून, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला जोडावेत तसे. आणि मावशीला, जिने ट्रकच्या ड्रायव्हरला रडवलं होतं, एकदम भरून आलं. तिने पदराने नाक पुसलं आणि रागाने विचारलं, “सगळ्यांना सांगणार आता?”

“काय सांगू? माझी गिऱ्हाइकं मला येऊन सांगतात का, काम चांगलं झालं म्हणून? कपडा फाटला होता हेच ती विसरून जातात. विसरली की समजायचं, जमलं.” त्यांनी ते डोकं तिच्याकडे सरकवलं. “घेऊन जा. फक्त एक करा. जोडाल ते इथे बसून जोडा. मला बघायचंय.”

मावशी धावत हॉलवर गेली आणि अभ्रा, सरसाचं भांडं आणि तुकडे आवळून धरायचे दोन शिकंजे घेऊन आली. दुकानात शेगडी नव्हती. काकांनी इस्त्री उलटी करून दोन विटांत बसवली आणि तिच्यावर भांडं ठेवलं. सरस वितळू लागला तशी गल्लीभर त्याची घाण सुटली. समोरचा दुकानदार नाक धरून बाहेर आला. काकांनी त्याला सांगितलं, “औषध करतोय,” आणि तो घाईघाईने आत गेला.

मावशीने चमचा उचलला, पाणी घातलं, आणि हात थांबवला. “काल इथेच चुकलं माझं. पोराला आपटताना त्रास नको, आणि त्या मॅनेजरने हसायला नको, म्हणून जास्त पातळ केलं. कुणाला बोलले नाही मी हे.”

“मी काल त्या पोराची अकरा भोकं बुजवली,” काका म्हणाले. “ती मुद्दाम पाडलेली होती हे मला कार्यक्रमात कळलं. सगळ्या पोरांच्या अंगावर तसलीच. मीही कुणाला बोललो नाही.”

मावशी इतकी हसली की शिकंजा हातातून पडला. मग दोघंही कामाला लागली. काकांनी भिंग धरलं, तिने डोक्याच्या कडेला एक नवी कपची बसवून सरस लावला. सातही तुकडे जागेवर बसले तेव्हा दुपार टळली होती. गिटार कोटांच्या मधोमध खुंटीला टांगून दोघांनी चहा घेतला आणि सरस सुकायची वाट पाहिली. मावशीने वेळेकडे पाहिलं नाही. चार वाजता गुंड्याचा फोन आला.

“मावशी, कुठे आहेस गं?”

“का? खोकं उघडलं ना तुम्ही?”

“उघडलं. तालमीला एक घेतली. मोडतच नाही गं ती. पाच वेळा आपटली. स्टेजची फळी मोडली. मग ती उसळून माझ्या नडगीवर बसली. मी लंगडतोय. मॅनेजर म्हणाला, करवतीने आधी थोडी कापू. तर कापल्यावर ती माझ्या हातातच मोडली, आपटायच्या आधी.”

“बर्फ लावलास का?”

“लावला. मावशी, तू घरी नको ना जाऊस.”

“मी कशाला जाऊ? माझे सात तुकडे भरलेत,” मावशी म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मग काकांकडे पाठ करून ती उगाचच कोट नीट लावत राहिली.

साडेसहाला ती गिटार गोधडीत गुंडाळून, काकांना सोबत घेऊन हॉलवर पोहोचली. मॅनेजर नव्या फळीवर खिळे ठोकत होता. त्याने गोधडीकडे पाहिलं, मग स्वतः उठून ट्रकमध्ये गेला आणि ते खोकं तिच्या सीटमागून उचलून टपावर टाकून आला. माफी वगैरे मागितली नाही. मावशीला एवढं पुरलं.

शेवटचं गाणं आलं. तीन सेकंद दिवे गेले. गुंड्या लंगडत पुढे झाला, लोकांना ती नवीच अदा वाटली. त्याने गिटार वर उचलली आणि पडद्याआड मावशी बोटांवर मोजू लागली. पहिला दणका, मान. दुसरा, अंग. तिसऱ्याला डोकं सुटलं, हातभर वर गेलं, आणि स्टेजच्या अगदी काठावर येऊन पडलं. जोरात हात फिरवताना गुंड्याच्या जॅकेटची बाहीही खांद्यातून टर्रकन फाटली. हॉल उभा राहून किंचाळत होता आणि सगळे वादळाकडे बघत होते. पहिल्या रांगेतला एक म्हातारा तेवढा खाली वाकून तुकडे मोजत होता. मोजून झाल्यावर तो उभा राहिला आणि पडद्याच्या दिशेने टाळ्या वाजवू लागला.

लोक पांगले. मावशी झाडू आणि सुपली घेऊन स्टेजवर आली. काका काठाशी उभे होते. तोवर चार पोरांनी त्यांच्याकडे ते डोकं मागून पाहिलं होतं, त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. रुमालात गुंडाळून ते त्यांनी मावशीच्या हातावर ठेवलं.

“एकोणचाळीस,” काका म्हणाले.

मावशीने झाडू खाली ठेवला. आत जाऊन ती गुंड्याचं जॅकेट घेऊन आली आणि काकांच्या हातात दिलं.

“बाही तेवढी जोडा,” ती म्हणाली. “पण जोडाल ते इथे बसून जोडा. मला बघायचंय.”