गरुडाच्या पायातली चवरी

परवा इथे अमेरिकेत, अल्फारेटाच्या मराठी मंडळात आरतीच्या वेळी एका मुलीने माझ्या हातात चवरी दिली. "काका, तुम्ही ढाळा ना." चवरीचे मऊ केस मनगटाला लागले आणि मला इथलंच, शॉमबर्ग गावातलं माझं जुनं ऑफिस आठवलं.

टाविटा माझ्या शेजारी बसायचा. तो अमेरिकन सामोआचा. पॅसिफिकमधली ही बेटं अमेरिकेने घेतली, कारण आरमाराला तिथलं बंदर हवं होतं. एके दिवशी त्याने ऑफिसातल्या आपल्या टेबलावर बेटांचा झेंडा लावला. त्यावर अमेरिकेचा गरुड, एका पायात गदा, दुसऱ्यात चवरी. मी मोठ्याने म्हणालो, "अरे, हा गरुड कोणाचा नोकर? चवरी ढाळतोय!" सगळे हसले.

टाविटा उठला. धिप्पाड माणूस. माझ्या खुर्चीवर दोन्ही हात टेकून तो वाकला, तेव्हा त्याच्या श्वासाला कॉफीचा वास येत होता. हसणं थांबलं.

नंतर मॅनेजरने विचारलं, "धमकी दिली का त्याने?" झेंड्याची चेष्टा मी केली हे त्याला कळलं तर नोकरी जाईल, मग व्हिसाही, या भीतीने मी मान डोलावली. नोकरी टाविटाची गेली.

"सामोअन अंगावर आला होता," असं मी वर्षानुवर्षं पार्ट्यांमध्ये सांगत आलो. ते खोटं आहे. तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला होता, "आमच्याकडे ती चवरी सभेत बोलणाऱ्या सरदाराच्या हातात असते. माझ्या बाबांच्या हातात होती." माझी चूक चारचौघांत उघडी पडू नये, म्हणून तो इतका जवळ आला होता.