कस्तुराबाईचा उजवा गाल

कस्तुराबाईचे उजव्या बाजूचे तीन दात दोन वर्षांत काढले गेले. तिन्ही दात धडधाकट होते, हे तिला फार उशिरा कळलं.

ती देवगाव रंगारीकडची, मेंढरांमागं वाढलेली. नवरा सोनाजी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर लागला, तेव्हा दोघं मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत राहायला आली. ती बांधकामावर विटा वाहायची. चाळिशी उलटल्यावर एका सकाळी तोंड धुताना तिच्या उजव्या गालातून सणकन कळ गेली आणि हातातला तांब्या पडला. पुढं दिवसातून दोनदा, मग वीसदा. पाणी लागलं की कळ, घास चावला की कळ, वारं लागलं तरी कळ. शेवटी बोललं तरी यायला लागली, तेव्हा तिनं बोलणंच सोडलं. नणंद भामाबाई म्हणाली, रुसलीय. मग म्हणाली, बाहेरचं काहीतरी असंल.

शेजारच्या खोलीतली सरूबाई क्रांती चौकाजवळ एका खासगी दवाखान्यात साफसफाईला होती. कस्तुराबाई भिजवलेली भाकरी डाव्या बाजूनं ओतून गिळतेय, हे तिनं उंबऱ्यातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर पिंगळीकरबाई भूल देणाऱ्या. महिन्यातून एका शनिवारी पुण्याहून यायच्या, जुन्या दुखण्यांवर सुया द्यायला. त्यांनी गालाला बोट न लावता सगळं विचारून घेतलं.

"दाताचं काही नव्हतं, बाई. चेहऱ्याची नस दुखतेय."

गोळ्यांनी चार महिने आराम पडला. मग चक्कर यायला लागली. एकदा विटांचं घमेलं डोक्यावर असताना शिडीवर तोल गेला. अंगावर पुरळ उठलं आणि गोळ्या बंद झाल्या. बाईंनी सांगितलं, "मोठं ऑपरेशन मुंबईला होतं, कवटी उघडून. त्याआधी सुईनं बघू. एक्स-रेत बघत नसेपाशी सुई न्यायची आणि औषध सोडून ती नस मारायची. तेवढा गाल बधिर होईल, तो बधिरच राहील. वर्षा-दोन वर्षांनी कळ परत येऊ शकते. हे कबूल असेल तरच."

कस्तुराबाईनं मान हलवली.

ठरलेला शनिवार त्र्याण्णवच्या डिसेंबरातला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून पंधरा वर्षं मराठवाडा धुमसत होता, आणि त्या हिवाळ्यात शहर पुन्हा तापलं होतं. सरूबाईचं माहेर अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जळालं होतं. सोनाजीच्या कारखान्यातले दोस्त नामांतराच्या विरोधातले. वस्तीत कोण कुणाच्या ओट्यावर बसतं, यावर नजर असायची.

शनिवारी बंद पुकारला गेला. एसटी नाही, रिक्षा नाही.

"आज नाय जायचं," सोनाजी पाळीवर निघताना म्हणाला. "अन् तिच्यासंगं तर बिलकूल नाय."

कस्तुराबाई काही बोलली नाही. बोलणं परवडत नव्हतं. पुढचा शनिवार महिन्यानं येणार होता, आणि महिनाभर आपण जगू असं तिला वाटत नव्हतं. सोनाजीची सायकल वळणापलीकडं गेली तशी तिनं सरूबाईच्या दाराची कडी वाजवली.

दोघी जालना रोडनं चालत निघाल्या. दुकानं बंद, रस्त्यावर काचा. वारं समोरून होतं. कस्तुराबाईनं पदर गालाला लागू न देता हातानं पुढं धरला होता. मोंढा नाक्याजवळ टायर जळत होतं आणि पंधरा-वीस माणसं उभी होती. नामांतराला विरोध करणारी. एकानं काठी आडवी धरली.

"कुठल्या तुम्ही? नाव काय?"

त्यानं कस्तुराबाईच्या डोरल्याकडं बघितलं, मग सरूबाईकडं वळला. "तुझं आडनाव सांग."

सरूबाई गप्प राहिली. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते दोघींना माहीत होतं. खोटं सांगायला तिची जीभ वळत नव्हती.

कस्तुराबाईनं पदर खाली घेतला. "माझी जाऊ हाय ती," ती म्हणाली. "देवगावची. मला दवाखान्यात नेतीय. जाऊ द्या आम्हाला."

दोन महिन्यांत तिच्या तोंडून एवढे शब्द निघाले नव्हते. शेवटचा शब्द संपायच्या आत कळ आली, आणि लागोपाठ आणखी तीन. ती रस्त्यावरच उकिडवी बसली, तोंड उघडं, आवाज नाही, डोळ्यांतून नुसतं पाणी. काठीवाला मागं सरकला.

"काय झालं हिला?"

"बघतोस ना," सरूबाई म्हणाली. तिनं कस्तुराबाईला बगलेत धरून उठवलं आणि दोघी टायरच्या बाजूनं पुढं गेल्या. पाठीमागून दगड येतो की काय, म्हणून सरूबाईची मान ताठ झाली होती. दगड आला नाही.

दवाखान्यात पिंगळीकरबाई आदल्या दिवशीच येऊन थांबल्या होत्या. कस्तुराबाईला टेबलावर निजवलं. बेशुद्ध करणार नव्हते, कारण सुई कुठं पोचली हे तिनंच सांगायचं होतं. सरूबाईला बाहेर थांबवलं.

"हलायचं नाही. काहीही झालं तरी."

सुई गालाच्या हाडाखालून आत गेली. ज्या गालाला वारं सोसत नव्हतं त्यात सुई, आणि तिनं टेबलाच्या कडा धरल्या. बाई एक्स-रेच्या पडद्याकडं बघत सुई हळू सरकवत होत्या. "कुठं लागतंय?" "ओठ." सुई जराशी मागं आली, पुन्हा आत. "आता?" "हनवटी. खालचे दात." जे दात तिच्या तोंडात नव्हते तेच ठणकत होते. बाईंनी आधी थोडं बधिर करणारं औषध सोडलं, थांबल्या, कापसानं हनुवटी पुसली. "लागतंय?" नाही. मग नस मारणारं औषध. विस्तव ओतल्यासारखं आतून पेटलं. ती हलली नाही. हळूहळू ते विझलं, आणि उजवा ओठ, हनुवटी, निम्मी जीभ कुणा दुसऱ्याची असावी तशी झाली.

बाईंनी पेला पुढं केला. "प्या."

तिला धीर होईना. मग पाणी प्यायली. कळेची वाट बघत राहिली. पाणी ओठातून गळून पोलक्यावर सांडलं, तेही तिला कळलं नाही. कळ आली नाही.

संध्याकाळी सोनाजी सायकल हाणत दवाखान्यात आला. पाळी सुटल्यावर खोलीला कुलूप दिसलं होतं. तो रागानं आला होता की भीतीनं, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"सरूबाईनं आणलं," कस्तुराबाई म्हणाली. शब्द बोबडे येत होते. "नाक्यावर आडवलं आम्हाला."

सोनाजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. ती बोलत होती आणि मधेच थांबत नव्हती.

परतताना त्यानं बायकोला कॅरियरवर बसवलं आणि सायकल हातात धरून चालत निघाला. सरूबाई चार पावलं मागं राहत होती. नाक्याअलीकडं तो थांबला. "वहिनी, आमच्यासंगं चला," म्हणाला. टायर विझलं होतं, माणसं पांगली होती. वस्तीत मात्र चार ओट्यांवरून लोकांनी तिघांना येताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातले दोन दोस्त सोनाजीशी बोलेनासे झाले.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाचं नाव बदललं. सरूबाई निळी साडी नेसून विद्यापीठाकडं गेली. त्या दिवशी सोनाजी घराबाहेर पडला नाही.

कस्तुराबाई डाव्या बाजूनं भाकरी चावून खायला शिकली. पहिल्या आठवड्यात गाल दाताखाली चावला गेला, रक्त आल्यावरच तिला ते कळलं. सोनाजी जेवताना तिच्याकडं बघून आपली हनुवटी पुसायचा, मग ती आपली पुसायची.

दीड वर्षानं तोंड धुताना पहिली बारीक सणक आली. तिनं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि महिन्याचा शनिवार कधी आहे ते विचारायला सरूबाईकडं गेली.