मेमरी कार्डांविरुद्ध एक ठराव

समस्त रहिवासी बंधू-भगिनींना, विशेषतः बंधूंना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की आपल्या कॉलनीवर नैतिक संकट कोसळले असून त्याच्या बंदोबस्तासाठी रविवारी सकाळी ठीक दहा वाजता कॉलनीच्या हॉलमध्ये तातडीची सभा बोलावण्यात येत आहे. येताना घरातील तरुणांना सोबत आणावे. चहाची सोय केली आहे.

ही सूचना मीच लिहिली होती. शहराचं नाव तेव्हा जुनंच होतं आणि माझे केस काळे होते. कॉलनीतला कुठलाही कार्यक्रम असो, माइक माझ्याच हातात असायचा. सत्कार असो की शोकसभा, मला दोन्हींत सारखाच हुरूप. ‘नैतिक संकट’ हे शब्द सुचले तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून ते दोनदा वाचून दाखवले. आज ते आठवले की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

संकट असं होतं. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, हे काम कॉलनीतल्याच एका निवृत्त गृहस्थांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. व्हॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी कायम त्यांच्याच खांद्यावर. सगळे त्यांना काका म्हणायचे आणि सगळे त्यांच्याशी गोड बोलायचे, कारण काका खूश असले की तुमच्या गल्लीला पाऊण तास पाणी मिळायचं आणि रुसले की वीस मिनिटं. त्यांच्याशी सर्वांत गोड बोलणाऱ्यांत मी होतो. माझं घर चढावर आहे.

फुलंब्रीजवळच्या एका वाडीवरून एक बाई रोज काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून यायची आणि कॉलनीत चार घरी स्वयंपाक करायची. तिच्या माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं. गुरुवारी दुपारी एका घरची टाकी भरेना म्हणून घरमालकिणीनं तिला पंपाच्या खोलीकडं पिटाळलं. काका तिथं होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि तिला भिंतीशी दाबलं. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिनं त्यांच्या उजव्या अंगठ्याचा असा चावा घेतला की तीन टाके पडले, आणि ती ओरडत बाहेर आली.

रविवारी काका अंगठ्याला पांढरंशुभ्र बँडेज बांधून पहिल्या रांगेत बसले. विचारणाऱ्याला सांगत होते, “व्हॉल्व्हचा पाना लागला.”

आमच्या कॉलनीची एक रीत होती. कसलीही अडचण आली की ठराव. एक सूचक, एक अनुमोदक, हात वर, टाळ्या. कुत्र्यांविरुद्ध ठराव झाला होता, कबुतरांविरुद्ध झाला होता. कबुतरांना तो वाचून दाखवणं तेवढं राहून गेलं. ठराव वहीत उतरला की अडचण मिटली, अशी आमची खरोखरची समजूत होती.

मी दोन भारदस्त वाक्यांनी सभा उघडली. मागं बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून ती स्वयंपाकाची बाई उठून पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, आवाज खणखणीत.

“भाऊ, मला लई बोलता येत न्हाय. यांनी काय केलं ते सगळ्यांना ठावं हाय. मला ठराव नगं. तुमच्या त्या वहीत यांचं नाव लिवा, आन् काय केलं ते लिवा. न्हाय तर उद्या चारी घरं म्हणतील, हीच तसली. माझं काम जाईल आन् वाडीवर तोंड दाखवायची सोय राहणार न्हाय.”

मागणी एवढीच होती. एक नाव आणि एक वाक्य.

मला माझी टाकी आठवली. प्रत्येकाला आपापली टाकी आठवत असावी.

मग काका उठले. नाकारतील असं वाटलं होतं, पण माणूस हुशार. त्यांनी बँडेजचा हात छातीवर ठेवला आणि गळा दाटून आणला.

“माझ्या हातून काही झालं असंल तर मी माफी मागतो. पण मंडळी, दोष माझा एकट्याचा आहे का? या मोबाइलमधी आजकाल काय काय घाण येती! नजरंसमोर चोवीस तास तेच. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? या मोबाइलनं नासवलं मला!”

काय सांगू, हॉलभर मोकळा श्वास सुटला. गुन्हेगार सापडला होता, आणि त्याच्या खांद्यावर पाण्याची चावी नव्हती! अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, ताडकन उभे राहिले. शहागंजात दुकानादुकानांत मेमरी कार्ड भरून देतात, त्यात गाण्यांबरोबर हे विष येतं, तेव्हा कॉलनीतली सगळी कार्डं गोळा करून त्यांची होळी करावी, असं त्यांनी सुचवलं. टाळ्या पडल्या. ती बाई तशीच उभी होती. तिला कोणी बस म्हणालं नाही.

तेवढ्यात एका बापानं आपल्या पदवीधर मुलाचा मोबाइल टेबलावर आणून आपटला. “यात आहे बघा!” झालं, तपासणी समिती नेमली गेली. अध्यक्ष, खजिनदार आणि मी.

आम्ही तिघं हॉलमागच्या सतरंज्यांच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. बाहेर चहा वाटला गेला, कपही परत गेले, तरी आम्ही आतच. समिती फार कसोशीनं काम करत होती. खजिनदारांनी चष्मा पुसला. हेडमास्तर म्हणाले, “जरा मागं घ्या, नीट दिसलं नाही.” मला आतून हसू फुटत होतं. ही गोष्ट रंगवून सांगून आपण पुढची दहा वर्षं चहा फुकट पिणार, असा माझा हिशोब चालला होता.

मग पुढचा व्हिडिओ लागला. तो कोणीतरी शेतात साध्या मोबाइलवर काढलेला होता. त्यातली मुलगी तोंड लपवत होती, “नको, नको” म्हणत होती, अगदी आपल्या मराठीत. काढणारा हसत होता. माझं हसू तिथंच संपलं. मी शेजारी पाहिलं. खजिनदारांच्या घशाचा मणी वरखाली होत होता. हेडमास्तर डोळे न हलवता म्हणाले, “काय बेशरम पोरगी आहे.”

मी उठून कडीला हात घातला. आणि तरी लगेच दार उघडून मी बाहेर पडलो नाही. व्हिडिओ संपेपर्यंत थांबलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लोक मला विचारतात, कारण मला काहीही विचारतात, की असले व्हिडिओ हाताशी आले म्हणून बलात्कार वाढले का? मला आकडे ठाऊक नाहीत. ज्यांना ठाऊक आहेत तेही आपसात भांडतात, असं ऐकतो. मला त्या खोलीपुरतं ठाऊक आहे. एक मुलगी नको म्हणते आहे आणि तीन संसारी माणसांपैकी एकालाही ते ऐकू येत नाही, ही सवय कुठून तरी लागते, आणि तो मोबाइल ती सवय घरपोच आणून देतो. हे मी नाकारणार नाही. पण त्या खोलीतून बाहेर पडून आम्ही तिघं कुणाच्या अंगावर गेलो नाही. आणि जो गेला होता, तो बाहेर पहिल्या रांगेत चहा पीत होता.

आम्ही बाहेर आलो. हेडमास्तरांनी गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, “साहित्य अत्यंत आक्षेपार्ह आहे. आम्ही पूर्ण खात्री करून घेतली.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “व्हय, दिसतंय. घाम आलाय खात्री करून.”

बायका हसल्या. पुरुषांनी छताकडं पाहिलं. ठरावाचा मसुदा माझ्या हातात दिला गेला. त्यात मेमरी कार्ड होतं, पाश्चात्त्य संस्कृती होती, पालकांचं दुर्लक्ष होतं. काका नव्हते, पंपाची खोलीही नव्हती. सूचक म्हणून हात वर झाला तो बँडेजचा होता.

“भाऊ,” ती बाई मला म्हणाली, “नाव?”

माझा खोडकरपणा आयुष्यात एकदाच कामाला आला असेल तर तो तेव्हा. मी माइकवर अतिशय आदरानं विचारलं, “सूचक महोदय, नोंदीसाठी सांगा, आपला मोबाइल कोणता?”

काकांनी खिशातून काढून दाखवला. काळा, बटणांचा, वर टॉर्च असलेला. त्यात फोटोसुद्धा दिसत नव्हता.

अध्यक्ष घाईनं म्हणाले, “मोबाइल कुठला का असेना, वातावरणच दूषित आहे. हात वर करा.”

हात वर जायला लागले. एक, चार, दहा. ती बाई एकेक हात बघत होती. ज्या चार घरांत ती भाकरी थापायची त्यातले तीन हात वर होते. तिनं खोचलेला पदर सोडला आणि दाराकडं वळली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगण्यात मजा नाही. तो ठराव झाला नाही. वहीत काकांचं नाव लिहिलं गेलं, अक्षर माझं आहे. चावी त्यांच्याकडून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ती बाई पोलिसात तक्रार द्यायला गेली तेव्हा तिच्याबरोबर कॉलनीतल्या तीन बायका होत्या. पुरुष एकही नव्हता, मीही नाही. दोन घरांनी तिला कामावर ठेवलं, दोन घरांनी नाही. त्या दोन घरांतल्या माणसांशी मी अजून बोलतो, आणि दर वेळी तोंड कडू होतं.

हे सगळं जिच्यामुळं झालं ती माझ्या हातातल्या मसुद्यात नव्हती, सूत्रसंचालनातही नव्हती. काकांची बायको मागच्या भिंतीशी बसली होती. दौलताबादच्या पलीकडच्या खेड्यातली, वयानं साठीची, इतक्या वर्षांत सभेत तोंड न उघडलेली. हात मोजायला मी सुरुवात केली आणि ती उठली. आपण मोठ्यानं बोलतोय हे तिच्याही ध्यानात आलं नसावं.

“कशाचा मोबाइल घिऊन बसलाव? माझ्या धाकट्या बहिणीवर यांनी हात टाकला तवा आमच्या गावात लाइटबी आली नव्हती!”