सारख्या नावांचे कोरियन

कोरियन मालिकांमधल्या माणसांची नावं एकसारखी वाटतात, अशी तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की ती वाटत नाहीत, ती असतातच. आडनावं मोजकी आणि आवडीची नावंही ठरलेली. त्यामुळे एकाच नावाचा एक नट, एक गायक, एक फुटबॉलवाला आणि एक खासदार असा प्रकार तिकडे सर्रास आढळतो. गोल्फ खेळणाऱ्या बायकांमध्ये तर एका नावाच्या इतक्या जणी झाल्या, की नावापुढे आकडे लावायची वेळ आली. इंटरनेटवर एकाचं बक्षीस दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे महाभाग पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही. बेसिंगस्टोक ते लंडन या पट्ट्यात तरी या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही, आणि याबाबतीत विनय दाखवायचा मला कंटाळा आहे.

कारण माझी नोकरीच ती आहे. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये बसून मी वर्षानुवर्षं ग्राहकांची रेकॉर्डं जुळवते. नाव तेच असलेल्या दोन नोंदी एकाच माणसाच्या की दोन माणसांच्या, हे ठरवायचं. जन्मतारीख बघायची, पोस्टकोड बघायचा, घाई करायची नाही. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी बजावते, की शंका असेल तर जोडू नका, आणि चुकीचं जोडलेलं दिसलं तर चहाला नंतर जा, आधी ते सोडवा.

या माझ्या गुणाचं खरं चीज झालं ते लंडनच्या टोकाला, पिनरला. तिथे एक काकू राहतात. कौन्सिलमधून रिटायर झाल्या, नवरा गेला, मुलं लांब. त्यांच्या मोठ्या टीव्हीवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही सहा मराठी बायका कोरियन मालिकेचे दोन भाग बघायचो. प्रत्येकीनं एक पदार्थ आणायचा. हीरोनं छत्री उघडली, की काकू न चुकता विचारायच्या, "अगं, हा तोच का, लॉयरवाला?"

"नाही हो काकू. लॉयरवाला एटी-एटचा. हा नाइन्टी-फोरचा. आधी सिंगर होता, मिलिटरी सर्व्हिस करून आला, मग अ‍ॅक्टिंगमध्ये गेला."

"आणि तो ड्रिंक-ड्रायव्हिंगमध्ये पकडलेला?"

"तो तिसरा. तो तर अ‍ॅक्टरसुद्धा नाही. उगाच या बिचाऱ्याला कशाला बदनाम करता?"

मग सगळ्या हसायच्या. मी सारख्या नावांची एक यादीच करून दिली होती. नाव, जन्मसाल, काम, गाजलेली भूमिका. काकूंनी ती फ्रिजवर लावली होती. आडनावामागे कोरियातही कुळाचं मूळ गाव वगैरे भानगड असते, हे मला माहीत होतं, पण माझ्या यादीत तो रकाना नव्हता. माणसानं काय काम केलं, त्यावरून तो ओळखायचा. आठवडाभर इंग्रजीत तोलूनमापून बोलल्यावर पिनरच्या त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलं, की मी माझ्या मूळ आवाजात हसायचे. ती दुपार मला फार प्रिय होती. ती जाऊ नये म्हणून मी काय करत होते, ते आता सांगते.

माझं आडनाव असं आहे, की ते मराठ्यांत आहे आणि आम्हा बौद्धांतही आहे. सहा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं होतं, "गाव कुठलं तुमचं?" हा प्रश्न गावाचा नसतो, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. मी म्हणाले, सातारा जिल्हा. "म्हणजे शेतीवाडी, मोठं घर असेल!" काकूंनी परस्पर ठरवून टाकलं. मी हसले. खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. जुळवणी चुकली होती, मला दिसत होती, आणि मी ती तशीच राहू दिली.

पुढे ते निभावत न्यावं लागतं. बाकी सगळ्यांच्या घरी आळीपाळीनं जेवणं झाली, माझ्याकडे कधीच नाही. "बेसिंगस्टोक लांब पडतं," हे माझं ठरलेलं उत्तर. खरी अडचण हॉलमध्ये होती. तिथे बुद्धाची मूर्ती आहे. ती इथे गार्डन सेंटरमध्येही मिळते, तिचं कुणाला काही वाटलं नसतं. पण तिच्या शेजारी निळ्या कोटातला, चष्म्याचा तो फोटो आहे. माझ्या मुलीनं एकदा तिच्या मराठीत विचारलं होतं, "मम्मा, त्या आंटी लोक आपला घरी का नाही येते?" मी तिला ट्रेनचं वेळापत्रक सांगितलं. पोरगी इथेच जन्मली असली तरी बावळट नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

या मार्चमध्ये आमच्यात एक सातवी आली. ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनीअर होती, नोकरी बदलून पिनरशेजारच्या हॅरोला आलेली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला मोकळीढाकळी. आडनाव माझंच. पहिल्या भागाच्या मध्यावरच तिनं मला टोकलं, "ताई, तुमच्या यादीतला तो नाइन्टी-वनचा चुकलाय. तो सिंगर वेगळा, हा म्युझिकलमधला वेगळा." मी तपासलं. बाई बरोबर होती. मला राग यायला हवा होता, पण ती मला एकदम आवडून गेली.

चहाच्या वेळी काकूंनी तिच्या बशीत ढोकळा वाढला आणि सुरू केलं. "आडनाव अगदी हिच्यासारखंच की! गाव कुठलं तुमचं?"

"नागपूर."

"नागपूरला कुठे?"

ती हसली. "काकू, सरळ विचारा ना. आम्ही बौद्ध." आणि तिनं ढोकळ्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"अगं, नाही नाही, मी आपलं सहज विचारलं," काकू म्हणाल्या. "इथे आपण कोणी असलं काही मानत नाही."

कुणीतरी पावसाळी हवेबद्दल बोललं. तिनं माझ्याकडे बघितलं. बघणं साधंच होतं, आडनावावरून असेल किंवा यादीवरून. मी चटणीची वाटी तिच्याकडे सरकवली. त्या क्षणी "आम्ही पण" एवढे दोन शब्द पुरे होते. मी, जी ऑफिसात डायरेक्टरलाही तोंडावर चुकलात म्हणून सांगते, ती चटणी पुढे करून गप्प बसले.

दुसरा भाग संपला आणि ती गेली. दार लागल्यावर काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या, गुडघ्यावर हात ठेवला. "बघ, आज मी तुझं काम केलं. आडनाव सेम, पण माणसं वेगळी. तू काही मनाला लावून घेऊ नकोस हं. आम्हाला कळतं की तू त्यातली नाहीस."

काकू दुष्ट नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोन बस बदलून, एक ट्रेन पकडून त्या मऊ भात घेऊन आल्या होत्या, तोही थेट हॉस्पिटलात. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकूंवर झाला, आणि त्याहून जास्त माझ्यावर.

"काकू, चुकलात," मी म्हणाले. "मी त्यातलीच आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला चुकीच्या खान्यात टाकलंत आणि मी टाकू दिलं. मी बौद्ध आहे."

टीव्हीवर पुढच्या भागाची जाहिरात चालू होती. ती कुणी बंद केली नाही. काकूंचा हात गुडघ्यावरून निघाला, मग काय वाटलं कोण जाणे, परत आला. "अगं, पण तू तर आमच्यातलीच आहेस," त्या म्हणाल्या.

"आहेच. मग ती का नाही?"

 उत्तराला मी थांबले नाही. डबा उचलला आणि निघाले. मोटरवेला लागल्यावर मी गाडीत मोठ्यानं गाणी म्हटली, हे खरं आहे. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. काकूंचा त्याच संध्याकाळी मेसेज आला, की पुढच्या महिन्याच्या शनिवारी दोघींनीही या. आम्ही जाऊ की नाही, ते मी एकटीनं ठरवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. "जय भीम," मी म्हणाले, आणि माझं नाव सांगितलं.

 ती हळूच म्हणाली, "जय भीम, ताई."

मी सगळं सांगितलं. चटणी पुढे केली ते, ती गेल्यावर काय झालं ते, सहा वर्षांचं सगळं.  शेवटी तिनं फक्त एक विचारलं. टोमणा नव्हता त्यात. लांबलचक दुखणं काढलेल्या माणसाला विचारतात, तशा आवाजात म्हणाली, "सहा वर्षं कशी काढलीत हो, ताई?"

त्रासात काढली असं म्हणता आलं असतं. तिला ते पटलंही असतं.

"मजेत काढली गं," मी म्हणाले. "त्याचीच लाज वाटते."