लोहाराघरची विहीण

माझ्या विहिणीइतकी आगाऊ बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाली नाही, हे मी आजही पैजेवर सांगेन. देवळाली कॅम्पच्या बाजारामागे तिचं लोहारकामाचं दुकान होतं. नवरा घण मारायचा, ती विळ्यांना धार लावायची आणि भाता ओढायला गिऱ्हाइकालाच बसवायची. एकदा वर्दीतल्या सुभेदाराला बसवलं होतं. धारेचं कौतुक केल्याशिवाय विळी हातात द्यायची नाही. दर वेळी मी रागावून परत यायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे.

नव्वदच्या दशकात माझ्या लेकीने लंडनमधला स्मिथ आडनावाचा मुलगा पसंत केला. आधी मी अंथरूण धरलं. मग भिशीत सांगत सुटले की स्मिथ म्हणजे तिकडचं फार मोठं घराणं. कुणीही विचारलं नव्हतं. लग्नाआधी जावई लेकीबरोबर विळी घेऊन गेला आणि अर्थातच भात्यावर बसला. बाईने आडनावाचा अर्थ विचारला. माझ्या सत्यवचनी लेकीने सांगितलं, लोहार. त्याच्याकडून लग्नाला कुणीच येणार नाही, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. "पोरगं आमच्यातलं हाय. वरपक्ष आमचा."

काय माझा संताप! आडनावाचं काय एवढं, मी म्हटलं, स्मिथ तिकडे बँकेतसुद्धा असतात. ती शांतपणे म्हणाली, "आमचा पुतण्याबी बँकेत हाय."

लग्नाला तीस माणसं घेऊन आली. विहिणीचे पाय मी धुतले, तर पाणी गार आहे म्हणाली. साडीचा रंग बदलून मागितला. वरणात मीठ कमी असल्याचं भर पंगतीत जाहीर करून रुसून बसली. भिशीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, आणि मी, घराण्याच्या गप्पा मारणारी शहाणी, हातात लाडू घेऊन तिची मनधरणी करत होते.

जोडप्यासाठी हॉटेलात खोली घेतली होती. तिने ती उडवून लावली आणि सुनेला दुकानामागच्या आपल्या दोन खोल्यांत नेलं. मुलीच्या आईने तिथे जायचं नसतं. मी रिक्षाने मागोमाग गेले. उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं. लेकीने ते ओलांडलं, आणि विहिणीने माझ्याकडे न बघता म्हटलं, "रडू नका विहीणबाई. आता तिला सासर हाय."

माझी ती विहीण जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लंडनची सासू पुढे एकदा येऊन गेली. भली बाई आहे, काही मागत नाही, कशावर रुसत नाही. तिला मी नावानेच हाक मारते. विहीणबाई म्हणायला जीभच वळत नाही.